पाच हजारांत निवडणूक

जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये पचपेढी नावाचा भाग आहे. राणी दुर्गावती विद्यापीठ तिथे आहे, शासकीय विज्ञान महाविद्यालय तिथे आहे आणि महाकोशल महाविद्यालयही तिथेच. ही दोन्ही महाविद्यालये जुन्या रॉबर्टसन कॉलेजची वारस. त्या कॉलेजचे मूळ 1836 मध्ये सागरला रुजले आणि 1873 मध्ये जबलपूरला आले. विद्यापीठ त्या मानाने तरुण. 1956 मध्ये ते जबलपूर विद्यापीठ म्हणून सुरू झाले आणि 1983 मध्ये त्याला गढा-मंडल्याच्या राणीचे नाव मिळाले. मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालयही सिविल लाइंसच्याच हद्दीत. म्हणजे निवडणूक लढवणारे, ती घेणारे आणि तिच्यावरून भांडण जुंपले तर निवाडा देणारे, असे तिघेही इथे एकमेकांचे शेजारी आहेत.

या शहराला विद्यार्थी निवडणुकीची ताकद कोणी समजावून सांगायची गरज नाही. शरद यादव इथले अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि जबलपूर विद्यापीठाच्या छात्रसंघाचे अध्यक्ष. सेठ गोविंददास यांच्या निधनाने जबलपूरची लोकसभेची जागा 1974 मध्ये रिकामी झाली, तेव्हा जयप्रकाश नारायण यांनी या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला ‘जनतेचा उमेदवार’ म्हणून उभे केले. उमेदवार तुरुंगात होता. प्रचार केला तो बाहेरच्या पोरांनी, आणि अनेक वर्षे काँग्रेसकडे असलेली जागा विरोधकांनी जिंकली. छात्रसंघाच्या कचेरीतून थेट संसदेत जाता येते हे जबलपूरने त्या वर्षी पाहिले, आणि राजकीय पक्षांनीही पाहिले.

पक्षांनी पाहिल्यावर काय होते, ते पुढच्या तीसेक वर्षांत देशभर दिसले. महाविद्यालयाच्या निवडणुकीत जीपगाड्या आल्या, छापील पत्रके आली, रंगवलेल्या भिंती आल्या, आणि मतदारयादीत नाव नसलेले ‘भैया’ फाटकाशी उभे राहू लागले. गोलबाजारातल्या मराठी घरांतली मुलेही घरी मराठी बोलली तरी या प्रकाराला ‘छात्रसंघ चुनाव’च म्हणतात. नागपूर-पुण्याकडचा पाहुणा मात्र ‘जी.एस.’ (सरचिटणीस) आणि ‘यू.आर.’ (विद्यापीठ प्रतिनिधी) यांच्या निवडणुकीच्या आठवणी काढतो, त्याही तीस वर्षांपूर्वीच्या. शब्द वेगळे असले तरी आठवणी एकाच जातीच्या आहेत. कोणी किती खर्च केला, कोण कोणाला मारायला धावले, आणि शेवटी निवडणूकच कशी बंद झाली.

प्रस्तुत पुस्तिका या ‘बंद झाली’पाशी न थांबता एक पाऊल मागे जाते. निवडणूक बंद पडण्याआधी ती नीट लढवण्याचे नियम होते का? होते. आजही आहेत, आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने लागू झालेले आहेत. पुढील पानांत त्या नियमांचे कलमवार मराठी विवेचन आहे. प्रस्तावनेचे काम एवढेच की हे नियम कोणत्या परिस्थितीतून आले, त्यांचा रोख कशावर आहे आणि ते कुठे गळतात, याची वाचकाला आधी कल्पना द्यावी.

सुरुवात केरळातून होते. विद्यार्थी निवडणुकांवरून केरळ विद्यापीठ आणि तिथल्या प्राचार्यांची परिषद यांच्यात चाललेला वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. 2 डिसेंबर 2005 रोजी न्यायालयाने केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाला समिती नेमायला सांगितले. अध्यक्ष झाले जे. एम. लिंगडोह. हे माजी मुख्य निवडणूक आयुक्त. 2002 मधल्या जम्मू-काश्मीर आणि गुजरात विधानसभांच्या निवडणुका त्यांच्या कारकिर्दीतल्या. झोया हसन आणि प्रताप भानू मेहता यांच्यासारखे राज्यशास्त्राचे अभ्यासक समितीत होते. समितीने देशभर सुनावण्या घेतल्या आणि 26 मे 2006 रोजी अहवाल दिला.

बरोबर तीन महिन्यांनी, 26 ऑगस्ट 2006 रोजी, उज्जैनच्या माधव महाविद्यालयात प्राध्यापक हरभजनसिंग सभरवाल यांचा मृत्यू झाला. विद्यार्थी निवडणुकीवरून आवारात गोंधळ चालू होता, निवडणूक रद्द झाल्याने जमाव चिडला होता, आणि प्राध्यापकांना मारहाण झाली. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे तिथे होते. घडले ते देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. सभरवाल राज्यशास्त्र शिकवत. निवडणूक म्हणजे काय, हे वर्गात सांगणारा माणूस एका निवडणुकीच्या धुमश्चक्रीत गेला.

पुढची कथा मराठी वाचकाला अधिक जवळची आहे. मध्य प्रदेशात निःपक्ष सुनावणी होणार नाही, या कारणावरून खटला राज्याबाहेर हलवण्याची मागणी झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नागपूरला पाठवला. साक्षीदार फिरले. जुलै 2009 मध्ये नागपूरच्या न्यायालयाने पुराव्याअभावी सर्व आरोपींची सुटका केली. कॅमेऱ्यासमोर घडलेल्या प्रकरणात कोणालाही शिक्षा झाली नाही.

उज्जैनच्या घटनेला महिनाही उलटला नव्हता, तोच 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने लिंगडोह समितीच्या शिफारशी देशभर लागू केल्या. त्यामुळे पुष्कळांच्या मनात हे नियम उज्जैनला उत्तर म्हणून आले अशी समजूत आहे. तारखा पाहिल्या तर अहवाल आधीच लिहून झालेला होता. दुखणे जुने होते.

हे नियम पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते थोडे मास्तरी वाटतात. छापील पोस्टर नको, छापील पत्रक नको, ध्वनिक्षेपक नको, वाहन नको. प्रचारासाठी प्राण्यांचा वापरसुद्धा नको. घोड्यावरून किंवा हत्तीवरून मिरवणूक काढण्याची हौस कुठल्या तरी आवारात झालीच असणार, त्याशिवाय हे वाक्य अहवालात आले नसते. मतदानाच्या दिवशी उमेदवाराने मतदाराला खायला-प्यायला काही द्यायचे नाही. अपवाद फक्त पाण्याचा. मतदानाची वेळ संपण्याआधीच्या चोवीस तासांत सभा घ्यायची नाही. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायचा नाही. टीका करायची तर ती धोरणावर आणि मागच्या कामावर. खासगी आयुष्यावर नाही. जात आणि धर्माच्या नावाने मत मागायचे नाही. मतदान झाल्यावर मतदानाची जागा साफ करायची जबाबदारी सर्व उमेदवारांची मिळून, आणि तीही अठ्ठेचाळीस तासांत.

या यादीच्या मध्यभागी एक आकडा आहे. एका उमेदवाराला जास्तीत जास्त 5,000 रुपये खर्च करता येतात.

हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. पाच हजार मतदार असलेल्या विद्यापीठात तो माणशी एक रुपया होतो. पैसा कुठून आणायचा, यावरही बंधन आहे. राजकीय पक्षाकडून घ्यायचा नाही, विद्यार्थ्यांनी स्वखुशीने दिलेल्या वर्गणीतूनच भागवायचे. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब महाविद्यालयाकडे द्यायचा आणि तो प्रसिद्ध व्हायचा, म्हणजे कोणालाही तो तपासता यावा. मर्यादेपेक्षा जास्त खर्च झाला किंवा हिशेबच दिला नाही, तर निवड रद्द.

आता छापील पोस्टरवरची बंदी या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. नियम म्हणतो, पोस्टर हाताने केलेले असावे आणि ते आधी ठरवून दिलेल्या जागीच लावावे. एक कार्डशीट घेतली, पेन्सिलने फिकट रेघा मारल्या, ज्याचे अक्षर वळणदार त्याच्या हाती जाड मार्कर दिला, कडेला दुसऱ्या रंगाची चौकट काढली, की एका पोस्टरला साधारण अर्धा तास जातो. दहा मित्र दोन संध्याकाळी अडीच-अडीच तास बसले तर शंभर पोस्टर तयार होतात. त्याला लागतात कार्डशीट, चार मार्कर आणि चहा. तेच शंभर पोस्टर छापखान्यात काही मिनिटांत निघतात, आणि तिथे मित्र लागत नाहीत, फक्त बिल भरणारा लागतो. ज्याच्याकडे दहा मित्र आहेत पण बिल भरणारा नाही, अशा मुलाला हा नियम उभे राहू देतो. वसतिगृहात राहणारी डिंडोरी-मंडल्याकडची मुलगी आणि शहरातल्या ठेकेदाराचा मुलगा यांना एकाच रेघेवर उभे करायचे असेल, तर प्रचार चालवायचा कशावर? पाय, आवाज, हस्ताक्षर आणि वेळ, हे दोघांकडे सारखे असते. वाहन, ध्वनिक्षेपक, छापखाना आणि पक्षाचा खजिना हे नसते. नियमांची सगळी ‘नको’ची यादी या दुसऱ्या गटातली आहे. हे एकदा ध्यानात आले की तिच्यातला मास्तरीपणा पुष्कळ कमी होतो.

उमेदवार कोण असावा, याचीही कलमे आहेत आणि ती वादग्रस्त आहेत. पदवीच्या विद्यार्थ्याचे वय 17 ते 22 असावे, पदव्युत्तर उमेदवाराला 25 पर्यंत आणि संशोधकाला 28 पर्यंत सवलत. किमान 75 टक्के हजेरी, विषय राहिलेला नसावा, गुन्ह्याची नोंद नसावी. पदाधिकारी होण्याची संधी एकदाच. कार्यकारिणीच्या सदस्यत्वासाठी दोनदा. वर्षानुवर्षे प्रवेश घेत राहून आवारात ठाण मांडणाऱ्या पुढाऱ्यांना बाहेर काढणे हा यामागचा उघड हेतू. पण नोकरी करत शिकणाऱ्यावर, उशिरा शिकायला आलेल्यावर, परीक्षेत एकदा घसरलेल्यावर या अटी अन्याय करतात, ही विद्यार्थी संघटनांची तक्रार पहिल्या दिवसापासून आहे. ती तक्रार पोकळ नाही. पुस्तिकेत या कलमांना दोन्ही बाजूंसह जागा दिली आहे.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने तर हा वाद अंगावर घेतला. तिथली निवडणूक विद्यार्थ्यांनीच नेमलेला निवडणूक आयोग घेत असे. हाताने रंगवलेली पोस्टर आणि अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर वादसभा ही तिथली जुनी परंपरा. लिंगडोह समितीलाही त्या पद्धतीचे कौतुक होते. पण वय, हजेरी वगैरे अटी न पाळल्याच्या कारणावरून 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथलीच निवडणूक रोखली. ती पुन्हा झाली मार्च 2012 मध्ये. जिथे पैशाचा खेळ कमी होता तिथे निवडणूक थांबली आणि जिथे तो जास्त होता तिथे चालू राहिली, हा या नियमांच्या अंमलबजावणीतला विचित्र प्रसंग.

दुसरे उदाहरण शेजारच्याच दिल्ली विद्यापीठाचे. तिथे छापील पोस्टरचा पाऊस दर वर्षी ठरलेला. नियमातून निसटायची एक युक्तीही तिथे प्रसिद्ध आहे. पोस्टरवर उमेदवाराचे नाव मुद्दाम एखादे अक्षर वाढवून छापायचे. मतदाराला कळते कोण ते, आणि तक्रार झाली तर ‘हे नाव माझे नाही’ म्हणायला उमेदवार मोकळा. 27 सप्टेंबर 2024 रोजी मतदान झाले, पण भिंती आणि रस्ते साफ होईपर्यंत मतमोजणी करू नये असे दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले. पेट्या जवळपास दोन महिने तशाच राहिल्या. निकाल लागला 25 नोव्हेंबरला. कागदावर असलेला नियम न्यायालयाने निकालाला बांधला, तेव्हाच उमेदवारांच्या हाती झाडू आणि रंगाचे डबे दिसले.

आता महाराष्ट्राकडे वळू. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसूझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत राज्याने थेट निवडणुकाच बंद केल्या. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात पहिला आलेला वर्गाचा प्रतिनिधी. त्यामुळे मारामाऱ्या थांबल्या, आणि ‘मला मत द्या’ असे म्हणण्याचा प्रसंगही विद्यार्थ्याच्या आयुष्यातून गेला. 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक परत आणली. 2019 मध्ये तिचे वेळापत्रकही निघाले आणि मग विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर ते पुढे ढकलले गेले. कायद्यात असलेली निवडणूक प्रत्यक्षात आवारात पोहोचली नाही.

मध्य प्रदेशाचा रस्ता थोडा वेगळा, पण पोहोचला तिथेच. उज्जैननंतर राज्याने थेट निवडणुकीला घाबरून पावले टाकली. ऑक्टोबर 2017 मध्ये निवडणूक झाली ती अप्रत्यक्ष. वर्गांनी प्रतिनिधी निवडले आणि त्या प्रतिनिधींनी पदाधिकारी. पचपेढीतही तशीच झाली. त्यानंतर अनेक सत्रे निवडणुकीविना गेली आहेत. 2017 मध्ये पहिल्या वर्षाला असलेली मुले केव्हाच पदव्या घेऊन बाहेर पडली, आणि त्यांच्यामागून आलेल्यांना छात्रसंघ म्हणजे काय हे मोठ्या भावंडांकडून ऐकूनच ठाऊक आहे.

इथे लिंगडोह अहवालातली एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. नेमणुकीची पद्धत समितीने पूर्णपणे नाकारली नाही. वातावरण बिघडलेले असेल तिथे ती चालवून घ्यावी, पण केवळ तात्पुरती, आणि हळूहळू निवडणुकीकडे यावे, असे तिचे म्हणणे. शिवाय नियम फक्त उमेदवारांसाठी नाहीत, प्रशासनासाठीही आहेत. सत्र सुरू झाल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत निवडणूक घ्यावी. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सगळे दहा दिवसांत उरकावे. तक्रार निवारण कक्ष असावा. त्यात विद्यार्थी कल्याणाचे अधिष्ठाता, एक ज्येष्ठ प्राध्यापक, एक ज्येष्ठ अधिकारी आणि शेवटच्या वर्षाचे दोन विद्यार्थी, एक मुलगा आणि एक मुलगी, असावेत. निकालानंतर तीन आठवड्यांत आलेली तक्रार या कक्षाने ऐकावी.

ही दोन्ही ओझी तराजूत घालून पाहिली की पारडे कुठे झुकते ते दिसते. उमेदवाराने हिशेब दिला नाही तर त्याची निवड रद्द होते. आठ आठवड्यांत निवडणूक न घेणाऱ्या प्रशासनाचे काहीच रद्द होत नाही. पोस्टर छापणारा दोषी ठरतो, पण तक्रार कक्ष कधीच न नेमणारे कार्यालय दोषी ठरत नाही. नियमांचे खरे दुबळेपण इथे आहे. खर्चाच्या आकड्यात किंवा पोस्टरच्या कागदात ते शोधून सापडणार नाही. हिंसा झाली की निवडणूक थांबवणे सोपे जाते, कारण थांबवणाऱ्याला कोणाला उत्तर द्यावे लागत नाही. या पुस्तिकेची भूमिका स्पष्ट आहे. निवडणूक बंद ठेवणे हासुद्धा नियमभंगच आहे, आणि उमेदवाराच्या नियमभंगाइतकीच त्याची नोंद व्हायला हवी.

नियम जुने झाले, हा आक्षेपही खरा. 5,000 रुपयांचा आकडा 2006 मधला आहे आणि त्याने तेव्हापासूनची महागाई पाहिलेली नाही. प्रचार कुठे होतो, हेही तेव्हापासून पार बदलले. 22 सप्टेंबर 2006 ला न्यायालयाचा आदेश निघाला; फेसबुक सर्वांसाठी खुले झाले ते चार दिवसांनी, 26 सप्टेंबरला. व्हॉट्सअ‍ॅपचा तर जन्मही व्हायचा होता. आवाराच्या भिंतीवर छापील पोस्टर लावायला बंदी आहे, पण वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रात्री बारा वाजता टाकलेल्या चित्रफितीला ती लागू होते का? ती चित्रफीत पैसे देऊन करून घेतली असेल तर तो खर्च पाच हजारांत धरायचा का? बाहेरच्या माणसाला प्रचाराला बंदी आहे, मग बाहेरच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या रीलचे काय? अहवालात याची उत्तरे नाहीत, पण त्याचे तत्त्व लावून ती काढता येतात. पैसे मोजून केलेली कुठलीही गोष्ट खर्चात धरावी, उमेदवाराने आपली खाती आधी जाहीर करावीत, आणि चोवीस तासांची बंदी फोनलाही लागू असावी. पुस्तिकेतल्या एका स्वतंत्र प्रकरणात अशा सूचना दिल्या आहेत. त्या सूचना आहेत, नियम नव्हेत, हा फरक वाचकाने ध्यानात ठेवावा.

पुस्तिकेची मांडणी वापरणाऱ्याच्या सोयीची आहे. पहिल्या भागात उमेदवारासाठी अर्जापासून निकालापर्यंतचे दहा दिवस, दिवसागणिक, आणि त्यानंतरचा हिशेब. दुसऱ्या भागात निवडणूक घेणाऱ्या प्राध्यापकांसाठी पोस्टरच्या जागा ठरवण्यापासून मतमोजणीपर्यंतची कामे. तिसरा भाग मतदाराचा. तक्रार लेखी कशी करावी, तिच्यात तारीख, ठिकाण आणि पुरावा कसा नोंदवावा, याचा नमुना तिथे आहे. ऐकीव तक्रार टिकत नाही, हे उज्जैनचा खटला नागपुरात कसा संपला यावरून कळते. तिथे तर कॅमेरेही कमी पडले.

शेवटच्या पानावर जमाखर्चाचा एक कोरा तक्ता आहे. डाव्या बाजूला वर्गणी देणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आणि रक्कम, उजव्या बाजूला कार्डशीट, मार्कर, चहा, झेरॉक्स. खाली बेरजेची जागा, आणि तिच्याखाली आधीच छापलेला 5,000 चा आकडा. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. हा तक्ता घेऊन आपल्या महाविद्यालयाच्या कार्यालयात जावे आणि दोन प्रश्न विचारावेत: तक्रार निवारण कक्षात या वर्षी कोण कोण आहे, आणि सत्र सुरू होऊन किती आठवडे झाले?